दाखल होण्याआधीचे कागद: कोल्हापुरातील वृद्ध, दिव्यांग आणि अल्प उत्पन्न कुटुंबांसाठी सरकारी आरोग्य योजनांचे मार्गदर्शन

सरकारी आरोग्य योजनांविषयी एक गोष्ट सर्वांत आधी ध्यानात घ्यायला हवी. या योजनांत उपचारांचे पैसे सरकारकडून थेट रुग्णालयाला मिळतात. रुग्णाने स्वतः बिल भरावे, पावत्या जपून ठेवाव्यात आणि नंतर त्या दाखवून पैसे परत मागावेत, अशी सोय त्यांत नाही. भुदरगड किंवा शाहूवाडीतल्या एखाद्या वाडीवरून रात्री छातीत दुखणारा माणूस शहरात आणला जातो, नातेवाईक घाबरून मिळेल त्या रुग्णालयात अनामत भरतात, सोने गहाण पडते, आणि चार दिवसांनी कोणीतरी सांगते की हे सरकारच्या ‘जीवनदायी’ योजनेत बसले असते. तोवर उशीर झालेला असतो. म्हणून या लेखातील बहुतेक पायऱ्या घरातले माणूस धडधाकट असताना पार पाडायच्या आहेत. त्यासाठी पैसे फारसे लागत नाहीत, तहसील कचेरीच्या आणि सेवा केंद्राच्या काही खेपा मात्र पडतात.

पहिली पायरी: आपण कोणत्या योजनेत येतो ते ठरवणे

कोल्हापूर जिल्ह्यातील बहुतेक कुटुंबांसाठी मुख्य आधार दोन योजनांचा आहे आणि त्या एकत्रितपणे राबवल्या जातात. पहिली राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ती २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने काही जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर पोहोचली आणि २०१७ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले; लोकांच्या तोंडी मात्र ‘जीवनदायी’ हेच नाव राहिले आहे. दुसरी केंद्राची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना, जी सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. राज्याच्या योजनेत पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण होते आणि ते पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेपुरते होते. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ही मर्यादा पाच लाखांवर नेली आणि योजना पांढऱ्या शिधापत्रिकेसह राज्यातील सर्व कुटुंबांसाठी खुली केली. प्रत्यक्ष अंमलबजावणी १ जुलै २०२४ पासून झाली. ‘आमचे कार्ड पांढरे आहे, आम्हाला काही मिळत नाही’ हे वाक्य राजारामपुरीपासून इचलकरंजीपर्यंत अजून ऐकू येते, पण ते आता खरे नाही.

येथे ‘कुटुंब’ म्हणजे एका शिधापत्रिकेवरची माणसे, आणि पाच लाखांची मर्यादा त्या सर्वांची मिळून आहे. आपल्याकडे थोरल्या मुलाच्या कार्डावर आईवडिलांची नावे असतात, धाकट्याचे कार्ड वेगळे असते आणि म्हातारी माणसे राहतात धाकट्याकडे. आजारपणात कार्ड थोरल्याकडे पुण्यात आणि रुग्ण इथे, असा पेच पडतो. आईवडिलांची नावे नेमकी कोणत्या कार्डावर आहेत आणि ते कार्ड कोणाच्या कपाटात आहे, हे भावंडांनी एकदा बसून पाहिले तर पुढची धावपळ वाचते.

सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकासाठी, मग त्याचे उत्पन्न कितीही असो, २९ ऑक्टोबर २०२४ पासून ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड मिळू लागले आहे. त्यात वर्षाला पाच लाखांचे संरक्षण आहे. ज्या कुटुंबाला आधीच आयुष्मान योजनेचे संरक्षण आहे, तिथे सत्तरीपुढच्या माणसांना हे पाच लाख वेगळे, केवळ त्यांच्यापुरते मिळतात आणि घरातल्या तरुणांबरोबर वाटून घ्यावे लागत नाहीत. नवरा-बायको दोघेही सत्तरीपुढचे असतील तर मात्र दोघांत मिळून पाच लाख आहेत, प्रत्येकी पाच नव्हेत. मधुमेह, रक्तदाब, जुना हृदयविकार असे आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात. प्रतीक्षेचा काळ नाही आणि आधी वैद्यकीय तपासणीही नाही. खासगी विमा असलेल्यालाही हे कार्ड काढता येते.

अपवाद आहेत तो माजी सैनिकांच्या ईसीएचएसचा आणि केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएसचा. त्या योजनेत असलेल्या व्यक्तीला दोहोंपैकी एक निवडावी लागते. सैनिक टाकळीसारखी गावे ज्या जिल्ह्यात आहेत तिथे हा प्रश्न अनेक घरांत येतो. माझे मत असे, की ईसीएचएस चालू असेल तर ती सोडण्याची घाई करू नये. तिथे पॉलिक्लिनिकमध्ये रोजची औषधे आणि बाह्यरुग्ण तपासणीही मिळते. वय वंदना कार्ड मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेण्याच्या उपचारांसाठी आहे. रोज गोळ्या घेणाऱ्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे.

औद्योगिक कामगारांच्या घरांतून एक हक्क सर्रास निसटतो. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित वसाहतीत फौंड्रीत, मशिनशॉपमध्ये काम करून निवृत्त झालेला माणूस नोकरीत असताना ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विम्यात, असतो. या विम्यासाठी वेतनाची मर्यादा महिना २१,००० रुपये असून दिव्यांग कामगारासाठी ती २५,००० आहे. निवृत्तीबरोबर हे सगळे संपले, असे तो धरून चालतो. पण किमान पाच वर्षे विमाधारक राहून वयोमानानुसार निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला केवळ १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी ईएसआयचे वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतात. कामावरच्या अपघाताने कायमचे अपंगत्व येऊन नोकरी सोडावी लागलेल्या कामगारालाही अशीच सोय आहे. निवृत्तीच्या आधीच कंपनीकडून सेवेचा दाखला मागून घ्यावा आणि विमा क्रमांक जपावा.

वृद्धाश्रमांत आणि अनाथाश्रमांत राहणाऱ्यांना शिधापत्रिका नसली तरी राज्याच्या योजनेत स्वतंत्र गट आहे. नोंदणीकृत बांधकाम कामगार आणि त्यांची कुटुंबेही या योजनेत येतात. बेळगाव, कारवार, बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतील ८६५ मराठीभाषक सीमागावांनाही राज्याने ही योजना लागू केली आहे; चंदगड, गडहिंग्लजकडच्या ज्या घरांची सोयरीक पलीकडे आहे, त्यांनी आपल्या पाहुण्यांना हे जरूर सांगावे.

दिव्यांगांसाठी वेगळे काय

दिव्यांग व्यक्तीला महात्मा फुले योजनेचा लाभ दिव्यांगत्वामुळे मिळत नाही, तो शिधापत्रिकेवरील नावामुळे मिळतो, हे स्पष्ट समजून घेतले पाहिजे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असले पण रेशनकार्डावर नाव नसले, तर रुग्णालयात अडचण येते. मतिमंद किंवा अंथरुणाला खिळलेल्या मुलाचे नाव कार्डात घालायचेच राहून गेले आहे, अशी घरे आहेत, आणि ते सर्वांत आधी दुरुस्त करण्यासारखे आहे. केंद्राच्या मूळ यादीत मात्र दिव्यांगत्वाचा विचार आहे. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणात ज्या ग्रामीण घरात दिव्यांग सदस्य होता आणि धडधाकट प्रौढ कोणीच नव्हते, ते घर या यादीत घेतले गेले.

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि ‘स्वावलंबन’ ओळखपत्र, ज्याला सगळे यूडीआयडी कार्ड म्हणतात, काढण्यासाठी स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो आणि नंतर वैद्यकीय मंडळाच्या दिवशी तपासणीला जावे लागते. आपल्याकडे ही तपासणी प्रामुख्याने छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे सीपीआरमध्ये होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य आहे. कार्डाचा रंग प्रमाण दाखवतो: ४० टक्क्यांपेक्षा कमी असल्यास पांढरा, ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान पिवळा, ८० टक्के किंवा अधिक असल्यास निळा. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात. तपासणीला जाताना जुने वैद्यकीय कागद, चाचण्यांचे अहवाल आणि मुलाच्या बाबतीत शाळेतील किंवा थेरपी केंद्रातील नोंदी सोबत न्याव्यात. बौद्धिक किंवा मानसिक दिव्यांगत्व एका भेटीत डोळ्यांनी दिसत नाही, कागदच ते सांगतात.

ज्या कुटुंबात स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी असलेली, बौद्धिक दिव्यांग किंवा बहुविकलांग व्यक्ती आहे, त्यांनी ‘निरामय’ ही योजना समजून घ्यावी, असा माझा आग्रह आहे. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ अन्वये स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची ही विमा योजना आहे. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, आणि तिचे खरे मोल पुढच्या गोष्टीत आहे: दाखल न होता घेतलेले उपचार, औषधे, चाचण्या आणि नियमित थेरपी यांचाही खर्च तिच्यात ठरावीक मर्यादेपर्यंत मिळतो. फिजिओथेरपी, वाचा उपचार, वर्तन उपचार यांवर दर महिन्याला होणारा खर्च इतर सरकारी योजना सहसा उचलत नाहीत. हप्ता काही शे रुपयांचा असून दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तो आणखी कमी आहे. अर्ज न्यासाकडे नोंदणी झालेल्या संस्थेमार्फत करायचा असतो, आणि दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. वर सांगितलेल्या योजनांप्रमाणे पैसे येथे थेट रुग्णालयाला जात नाहीत, ते आधी भरून नंतर परत मिळतात, त्यामुळे प्रत्येक चिठ्ठी, प्रत्येक पावती आणि थेरपिस्टची सही असलेली नोंद जपणे अत्यावश्यक आहे. दावा मुदतीतच दाखल करावा.

दुसरी पायरी: कागद जुळवणे

या सगळ्याचा पाया दोन कागदांवर आहे: शिधापत्रिका आणि आधार. दोन्हींवरचे नाव, वय आणि पत्ता एकमेकांशी जुळले, तर निम्मे काम झाले.

शिधापत्रिकेबाबत पहिला प्रश्न असा, की ती ऑनलाइन आहे का. प्रत्येक ऑनलाइन कार्डाला बारा अंकी क्रमांक असतो आणि आयुष्मान कार्ड काढताना सेवा केंद्रचालक सर्वांत आधी तोच ‘बारा अंकी नंबर’ मागतो. धान्य घेणाऱ्या पिवळ्या आणि केशरी कार्डांना तो सहसा असतो, आणि रेशन दुकानदार पॉस यंत्रावर पाहून सांगू शकतो. शहरातील अनेक पांढरी कार्डे मात्र वर्षानुवर्षे कपाटात पडून आहेत. त्यांवर धान्य मिळत नसल्याने कोणी ती पुन्हा कचेरीत नेलेलीच नाहीत आणि त्यांची ऑनलाइन नोंद राहिली आहे. अशा कुटुंबांनी तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज देऊन, सर्व सदस्यांचे आधार जोडून, नोंद करून घ्यावी. दुसरा प्रश्न प्रत्येक सदस्याच्या ई-केवायसीचा, म्हणजे आधारवरून ओळख पटवून घेण्याचा. वृद्धांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. आयुष्यभर ऊसतोड, यंत्रमाग किंवा भट्टीचे काम केलेल्या हातांवर रेषाच राहिलेल्या नसतात. तेव्हा ठसे उमटले नाहीत म्हणून परत येऊ नये. चेहरा ओळखण्याची सोय आता मोबाइलवरील ‘मेरा ई-केवायसी’ ॲपमध्ये आहे, आणि अंथरुणावर असलेल्या माणसाचेही काम घरी बसून होऊ शकते.

आधारमध्ये वयाचा घोळ ही वय वंदना कार्डातील सर्वांत मोठी अडचण आहे, कारण या कार्डासाठी वय केवळ आधारवरून धरले जाते. जुन्या पिढीत जन्मतारीख माहीत नसल्याने अंदाजे वर्ष सांगितले गेले आणि तारीख १ जानेवारी पडली. खरे वय त्र्याहत्तर आणि आधारवर अडुसष्ट, असे झाले तर दोन वर्षे थांबावे लागते. जन्मतारखेची दुरुस्ती साधारणतः एकदाच करता येते, म्हणून शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्ट किंवा निवृत्तिवेतनाचे कागद यांतील कोणता पुरावा भक्कम आहे ते ठरवूनच आधार केंद्रावर जावे. मोबाइल क्रमांक आधारला जोडलेला असावा आणि तो क्रमांक घरात चालू असलेल्या फोनमध्ये असावा. मुंबईतल्या नातवाच्या फोनवर ओटीपी जातो आणि इथे खिडकीपाशी आजोबा उभे राहतात, असे होऊ देऊ नये.

उत्पन्नाचा दाखला महात्मा फुले योजनेसाठी लागत नाही, पण पुढे सांगितलेल्या धर्मादाय सवलतीसाठी आणि मुख्यमंत्री सहायता निधीसाठी तो लागतो. गावकामगार तलाठ्याचा अहवाल घेऊन आपले सरकार सेवा केंद्रातून अर्ज केला, की तहसीलदारांच्या सहीचा दाखला मिळतो. रुग्ण अतिदक्षता विभागात असताना हा दाखला काढण्यासाठी कचेरीत रांग लावणे फार जड जाते. घरात मोठे दुखणे असेल, तर चालू वर्षाचा दाखला आधीच काढून ठेवावा.

आणखी एक गोष्ट. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिरोळ, करवीर आणि हातकणंगले तालुक्यांतील कित्येक घरांतले कागद भिजून गेले. सर्व कागदांचे स्पष्ट फोटो घरातील दोन वेगवेगळ्या फोनमध्ये ठेवावेत आणि आधारसारखे कागद डिजिलॉकरमध्ये उतरवून ठेवावेत. आषाढात पंचगंगेचे पाणी वाढू लागले, की मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उंचावर ठेवण्याची सवय नदीकाठच्या घरांनी लावून घ्यावी.

तिसरी पायरी: कार्ड काढणे

आयुष्मान कार्ड, ज्याला कोणी गोल्डन कार्ड म्हणते तर कोणी पाच लाखांचे कार्ड, सेवा केंद्रात, आशाताईंमार्फत, योजनेत असलेल्या रुग्णालयात किंवा स्वतःच्या मोबाइलवरील ‘आयुष्मान’ ॲपवरून काढता येते. वय वंदना कार्डासाठी त्याच ॲपमध्ये सत्तर वर्षांवरील नागरिकांसाठी स्वतंत्र नोंदणी आहे आणि आधारशिवाय दुसरा कागद लागत नाही. ओळख पटवण्यासाठी ओटीपी, ठसा, डोळ्याचे बुबुळ किंवा चेहरा यांपैकी काहीही चालते. कार्ड प्रत्येक सदस्याचे स्वतंत्र निघते, म्हणून वडिलांचे निघाले म्हणजे आईचेही झाले असे समजू नये.

कार्ड निघाले नसले तरी महात्मा फुले योजनेचा उपचार केवळ त्या कारणाने नाकारता येत नाही. वैध शिधापत्रिका आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र यांवर नोंदणी होते. तरीही कार्ड असणे सोयीचे, विशेषतः राज्याबाहेर. आयुष्मान योजनेतील लाभार्थ्याला देशभरातील संलग्न रुग्णालयांत उपचार मिळतात, त्यामुळे आजरा-चंदगडच्या माणसाला बेळगाव जवळ पडत असेल तर तिथल्या संलग्न रुग्णालयात हे कार्ड चालते. केवळ राज्याच्या योजनेत असलेल्या कुटुंबाला मात्र त्या योजनेच्या यादीतील रुग्णालयातच जावे लागते.

चौथी पायरी: रुग्णालय निवडणे

एखादे रुग्णालय ‘योजनेत आहे’ एवढे कळून भागत नाही. रुग्णालये ठरावीक विभागांसाठी संलग्न असतात: एखादे हृदयरोगासाठी असते, पण तिथे अस्थिरोगाचा विभाग योजनेत नसतो, दुसरीकडे कर्करोगाची केमोथेरपी मिळते, पण किरणोपचार नसतात. त्यामुळे आपला आजार डॉक्टरांकडून नावानिशी लिहून घ्यावा आणि या आजारासाठी, या शस्त्रक्रियेसाठी, या महिन्यात हे रुग्णालय संलग्न आहे का, असे स्पष्ट विचारावे. हे विचारण्याचे ठिकाण म्हणजे रुग्णालयातील आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेचे काम पाहणाऱ्या माणसाचा, कक्ष किंवा राज्याच्या योजनेचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १५५३८८, तसेच १८०० २३३ २२००. आयुष्मान योजनेसाठी १४५५५ आहे. स्वागतकक्षातील कर्मचाऱ्याच्या तोंडी उत्तरावर विसंबू नये; त्याला सर्व विभागांची माहिती असतेच असे नाही.

काही शस्त्रक्रिया केवळ सरकारी रुग्णालयांसाठी राखीव ठेवलेल्या आहेत, आणि त्यांसाठी खासगी रुग्णालयाने नकार दिला तर तो नियमाला धरून असतो. अशा वेळी थेट सीपीआरला जावे. थोरला दवाखाना म्हणून आपल्या पंचक्रोशीत ओळखले जाणारे हे रुग्णालय राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे आणि जवळपास सर्व विशेषज्ञ तिथे आहेत. गर्दी असते, थांबावे लागते, हे खरे. पण अनेक अवघड उपचार तिथे उत्तम होतात आणि मी अनेकांना पहिला सल्ला तिथलाच देतो. तिथे समाजसेवा अधीक्षकांचा कक्ष असतो. कागद अपुरे असलेल्या, बेवारस किंवा एकट्या वृद्धाच्या बाबतीत त्यांची मदत मागावी, ते त्यांचे कामच आहे.

साध्या दुखण्यासाठी योजनेची गरजच पडत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत, इचलकरंजीच्या इंदिरा गांधी सामान्य रुग्णालयासारख्या ठिकाणी केसपेपरपासून चाचण्यांपर्यंत सर्व सेवा निःशुल्क आहेत. सीपीआर वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने तिथे नाममात्र शुल्क लागू शकते. मधुमेह आणि रक्तदाबाची रोजची औषधे, जी जीवनदायी किंवा वय वंदना देत नाही, ती या सरकारी केंद्रांतून नियमित घ्यावीत. मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही राष्ट्रीय कार्यक्रमातून सरकारी रुग्णालयांत मोफत होते.

पाचवी पायरी: दाखल होण्याचा दिवस

रुग्णालयात पोहोचल्यावर अनामत भरण्याआधी आरोग्यमित्राला भेटावे. प्रत्येक संलग्न रुग्णालयात त्याचा कक्ष असतो. तो कार्ड तपासतो, नोंदणी करतो आणि डॉक्टरांनी केलेले निदान, चाचण्यांचे अहवाल व छायाचित्रे पूर्वमंजुरीसाठी पाठवली जातात. मंजुरी आल्यावर उपचार सुरू होतात. निदान होण्यापूर्वीच्या चाचण्यांचे पैसे काही वेळा आधी मागितले जातात. हा आजार योजनेत बसला तर त्या चाचण्या पॅकेजमध्ये, म्हणजे त्या उपचारासाठी ठरलेल्या एकत्रित खर्चात, येतील का, हे आरोग्यमित्राकडून तिथेच स्पष्ट करून घ्यावे.

हृदयविकाराचा झटका, अपघात, पक्षाघात अशा तातडीच्या प्रसंगी मंजुरीसाठी थांबावे लागत नाही. दूरध्वनीवरून तातडीची सूचना देऊन उपचार सुरू करता येतात आणि कागद ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात. म्हणून एकाने रुग्णापाशी थांबावे आणि दुसऱ्याने आरोग्यमित्राचा कक्ष शोधावा, असे घरात आधीच ठरलेले बरे. १०८ ची रुग्णवाहिका बोलावताना जवळचे संलग्न रुग्णालय कोणते, हे माहीत असल्यास चालकाला सांगता येते.

येथे एका कागदापासून फार जपायचे आहे. दाखल करताना सह्यांच्या गठ्ठ्यात कधी कधी ‘आम्हाला योजनेचा लाभ नको, उपचार स्वखर्चाने करत आहोत’ अशा आशयाचे संमतिपत्र असते. गडबडीत त्यावर सही झाली, की नंतर तक्रारीला आधारच उरत नाही. प्रत्येक कागद वाचावा, वाचता येत नसेल तर वाचून घ्यावा, आणि जो मान्य नाही त्यावर सही करू नये. ‘योजनेत साधा स्टेंट मिळतो, चांगला हवा असेल तर वरचे पैसे भरा’ असे सांगितले गेले, तरी तेवढ्यावर घाबरून जाऊ नये. पॅकेजमध्ये काय समाविष्ट आहे ते आरोग्यमित्राला लेखी दाखवायला सांगावे. मंजूर पॅकेजमध्ये खाट, शुश्रूषा, औषधे, शस्त्रक्रिया, लागणारे साहित्य, चाचण्या आणि रुग्णाचे जेवण धरलेले असते. त्यासाठी वेगळे पैसे मागणे नियमात बसत नाही.

सुटी होताना

बिलाची आणि डिस्चार्ज कार्डाची प्रत मागून घ्यावी, आणि आपल्या नावावर किती रक्कम वापरली गेली ते पाहावे. वर्षातली शिल्लक किती, हे माहीत असेल तर पुढच्या आजारपणात अंदाज येतो. महात्मा फुले योजनेत घरी गेल्यानंतरच्या दहा दिवसांची औषधे व पाठपुरावा, आणि आयुष्मान योजनेत दाखल होण्याआधीचे तीन दिवस व नंतरचे पंधरा दिवस यांचा औषधोपचार धरलेला आहे. घरी परतण्यासाठी एसटीचे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे देण्याचीही तरतूद राज्याच्या योजनेत आहे. गगनबावड्याच्या किंवा राधानगरीच्या आतल्या वाडीवर परतणाऱ्या रुग्णाला ती मागण्यात संकोच वाटू नये.

आजार योजनेत बसत नसेल तर

दोन दारे उरतात, आणि दोन्ही रुग्ण रुग्णालयात असतानाच ठोठवावी लागतात.

पहिले धर्मादाय रुग्णालयांचे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये आणि मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या, २००६ पासून लागू असलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांना सवलतीच्या दरात द्यायच्या असतात. त्यासाठी ती रुग्णालये बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत ठेवतात. निर्धन गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आता १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकासाठी ३ लाख ६० हजार रुपये आहे. तहसीलदारांचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाकडे अर्ज द्यावा. खाटा भरल्या आहेत असे उत्तर मिळाले, तर धर्मादाय आयुक्तांच्या कोल्हापुरातील कार्यालयात चौकशी करता येते. कोणती रुग्णालये या योजनेत आहेत याची यादीही तिथे मिळते.

दुसरे दार मुख्यमंत्री सहायता निधीचे. मे २०२५ पासून त्याचा कक्ष प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात आहे, त्यामुळे मुंबईला जाण्याची गरज राहिलेली नाही. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १ लाख ६० हजार रुपये आहे. रुग्णालयाने सहीशिक्क्यानिशी दिलेले खर्चाचे अंदाजपत्रक, आजाराचे अहवाल, आधार, शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला आणि अपघात असल्यास पोलिसांतील नोंदीची प्रत जोडावी लागते. रक्कम रुग्णालयाच्या खात्यावर जमा होते. महात्मा फुले योजनेत बसणाऱ्या उपचारासाठी हा निधी मिळत नाही, म्हणून आजार योजनेत का बसत नाही हे आरोग्यमित्राकडून आधी समजून घ्यावे.

चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी ६५ वर्षांवरील आणि दोन लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून एकरकमी ३,००० रुपये मिळतात. चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी.

पैसे मागितले किंवा नकार मिळाला तर

प्रथम आरोग्यमित्राला सांगावे आणि नकाराचे कारण लेखी मागावे. तिथे दाद मिळाली नाही, तर रुग्णालयातूनच १५५३८८ वर फोन करावा, तक्रार क्रमांक लिहून घ्यावा आणि योजनेच्या जिल्हा समन्वयकांना कळवावे. आयुष्मान किंवा वय वंदना कार्डाच्या बाबतीत १४५५५ वर तक्रार नोंदवावी. पैसे भरणे टाळताच आले नाही, तर रुग्णाच्या नावाची छापील पावती घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. कोऱ्या कागदावरचा आकडा पुढे कोणी मानत नाही. तक्रार रुग्ण दाखल असताना झाली, तर चौकशी करणाऱ्याला खाट, केसपेपर आणि नोंदी समोर दिसतात. सुटीनंतर ती करायची असल्यास डिस्चार्ज कार्ड, पावत्या आणि फोन केल्याची तारीख-वेळ जोडून लेखी अर्ज जिल्हा समन्वयकांकडे द्यावा आणि पोचेची सही घ्यावी.